बसच्या पासनंतर आईचं नाव

रकान्यांच्या क्रमाला काही अर्थ नसतो, हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलं आहे की घरच्यांनी ते दारावरच्या पाटीवर लिहायचं तेवढं बाकी ठेवलं आहे. माझं कामच तसं आहे. शहागंजात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं लहानसं ऑफिस आहे. शाळा-कॉलेजांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. प्रवेश, हजेरी, ओळखपत्रं, असलं सगळं. आम्ही म्हणजे दोघंच: मालक, ज्यांना सगळं शहागंज भाई म्हणतं, आणि मी. भाईंनी हा धंदा सुरू केला तेव्हा लोक कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचे. प्रोग्राम त्यांनी लिहिले. त्यांच्यामागची माहिती नीट लावून ठेवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे.

माहिती टेबलात ठेवतात. आडव्या ओळी, उभे रकाने. एक विद्यार्थी म्हणजे एक ओळ, आणि त्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता हे रकाने. आता शास्त्र असं सांगतं की रकाना कितवा आहे हे बघायचंच नाही, त्याला नावानं हाक मारायची. जन्मतारीख मागितली की जन्मतारीख येते, मग ती पुढे उभी असो की मागे. मला हे फार आवडतं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. आजोबा निजामाच्या वेळी तहसिलीत उर्दूत दप्तर लिहायचे, आणि कोण कुणाच्या वर, कुणाची सही आधी, यातच त्यांची हयात गेली. माझ्या टेबलात मानपान नाही याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नसे.

भाईंना शास्त्राशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या प्रोग्रामची रीत साधी होती. टेबलात डावीकडून उजवीकडे जसं असेल तसंच पडद्यावर, तसंच कागदावर. ओळखपत्र छापताना प्रोग्राम पहिल्या रकान्यापासून सुरुवात करायचा आणि कार्ड भरलं की थांबायचा. कुणी नवी माहिती मागितली की तिचा रकाना टेबलाच्या शेवटी जोडायचा, कारण आमच्याकडच्या व्यवस्थेत नवा रकाना शेवटीच जातो, मध्ये घुसवता येत नाही. मी कधी कुरकुर केली तर भाई म्हणायचे, "मियाँ, दावत में जो पहले आया वो पहली पंगत में बैठा. इसमें काय कू रोना?" त्या जुन्या प्रोग्रामला हात लावायची कुणाची छाती नव्हती. खुद्द भाईंचीही नाही.

वेरूळच्या रस्त्यावर एक कॉलेज आहे, आमचं जुनं गिऱ्हाईक. तिथल्या ऑफिसात विद्यार्थ्यांची सगळी माहिती कॉम्प्युटरवर भरणाऱ्या एक बाई आहेत. वयानं माझ्याएवढ्याच असतील, पण मी त्यांना ताई म्हणतो. त्या फोन करतात तो काहीतरी अडलं म्हणूनच, आणि अडलेलं असतं ते खरोखरच अडलेलं असतं. त्या सुमारास सरकारचा निर्णय झाला होता की यापुढे कागदोपत्री आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. ऑफिसाऑफिसांत त्यावर चहा संपत होते. तेव्हाच त्यांचा फोन आला.

"जयभीम, सर. जरा टेबल उघडा की. आईचं नाव कुठं हाय बघा."

मी उघडलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, वर्ग, मोबाइल, पत्ता, रक्तगट, बसच्या पासचा नंबर. त्यानंतर आईचं नाव. कुण्या एका वर्षी कुण्या साहेबानं मागितलं म्हणून जोडलेलं.

"शेवटी आहे," मी म्हणालो.

"बसच्या पासनंतर," ताई म्हणाल्या. "आन् कार्डावर तर येतच नाय. रक्तगटालाच कार्ड भरतंय."

मी माझं नेहमीचं वाक्य ऐकवलं. जरा विस्तारानं, शास्त्राचा आधार देऊन ऐकवलं. मग त्या म्हणाल्या, "क्रमाला अर्थच नसतो म्हणता?"

"नसतो."

"मग आईला फुडं आणा की. अर्थ नाय तर तुमचं काय जातंय?"

ज्याला अर्थ नाही ते बदलायला विरोध कशाला, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, काम मोठं आहे, जोखमीचं आहे, बघतो. बघतो म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी यंदा त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला येणार होती. मुलगी बालवाडीत असताना नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला तो गेलाच. पुढे रीतसर काडीमोड झाला, पोरीला त्यांनी एकटीनं वाढवलं. शाळेच्या प्रत्येक कागदावर मात्र पोरीच्या नावाला लागून त्याचंच नाव येत राहिलं.

"गुणपत्रिकेवर हाय ते हाय. तिथं माझा हात पोचत नाय," त्या म्हणाल्या. "हितं पोचतो. तिच्या कार्डावर तिच्या नावाला लागून माझं नाव पायजे, सर. तेवढं करा."

मी भाईंना सांगितलं. भाई चष्मा पुसत म्हणाले, "चलती गाडी का चाक काय कू निकालते?" मग सरकारचा निर्णय आठवला असावा, किंवा त्यांच्या स्वतःच्या तीन मुली. थोड्या वेळानं म्हणाले, "हौ, करो. लेकिन गाडी रुकनी नक्को."

मध्ये रकाना घुसवता येत नाही, म्हणून असं करायचं ठरलं: हव्या त्या क्रमानं रकाने असलेलं एक नवं रिकामं टेबल बनवायचं. जुन्यातली सगळी माहिती त्यात ओतायची. हजेरी, ग्रंथालय, परीक्षा ही बाकीची टेबलं जुन्या टेबलाला बांधलेली असतात, ते दोर सोडायचे. जुन्या टेबलाचं नाव बदलून त्याला बाजूला सरकवायचं, नव्याला त्याचं नाव द्यायचं आणि दोर पुन्हा बांधायचे. बाहेरून बघणाऱ्याला काही घडल्याचा पत्ता लागता कामा नये. रविवारी कॉलेज बंद असतं, तेव्हा हे काम केलं. भाईंनी खालून बिर्याणी मागवली आणि मला एकही प्रश्न विचारला नाही, यावरून त्यांना धास्ती वाटत होती हे मला कळलं. आई आणि वडील, दोन्ही रकाने मी सक्तीचे ठेवले. रिकामे सोडता येणार नाहीत असे. वडिलांचा आधीपासून सक्तीचा होताच; आईचा निर्णयाप्रमाणे केला.

सगळं जागेवर बसल्यावर तपासायला एक ओळ हातानं भरावी लागते. मी नेहमी माझीच भरतो. नाव भरलं, आणि पुढचा रकाना होता आईचा. तिथे माझा हात थांबला. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. वडिलांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं जे नाव लिहिलं तेच मी जन्मभर ऐकत आलो. तिचं पहिलं नाव फक्त मामांच्या तोंडी, अजिंठ्याकडच्या त्यांच्या घरी, आणि तेही अर्धंच. मी आईला फोन लावला आणि विचारलं, दोन्हीपैकी कुठलं टाकू.

"कशाला पाहिजे?" ती म्हणाली.

"काही नाही, चाचणीसाठी."

"मग कुठलंही टाक. चाचणीच आहे ना?" फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पहिलं टाकलंस तरी चालेल. कोण बघतंय."

मी पहिलं टाकलं आणि नमुन्याचं कार्ड छापलं. माझ्या नावाला लागून ते नाव मी प्रथमच बघत होतो. ओळ पुसून टाकली, कार्ड मात्र पाकिटात ठेवलं. त्या कार्डाचं नक्की काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. ताईंचं म्हणणं मला त्या दिवशी थोडंफार समजलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पहिल्या वर्षाचे नवे विद्यार्थी एकेक करून भरत नाहीत. कॉलेजला आम्ही एक्सेलचा नमुना पाठवतो, ताई त्यात सगळ्यांची माहिती भरतात आणि भाईंचा एक जुना प्रोग्राम ती सगळी एकदम टेबलात ओततो. नमुना नेहमीप्रमाणे भाईंनीच केला. जुना होता त्यात आईचा रकाना त्यांनी नावांच्या शेजारी आणला, आणि मोठ्या कौतुकानं मला दाखवला. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव. हाताला जन्माची सवय, वडील आधी आले होते. माझ्या टेबलात आई आधी होती.

हे मला दिसलं. दिसलं नाही असं नाही. पण मी म्हणजे मी. क्रमाला अर्थ नसतो, वरती शीर्षकं आहेत, प्रत्येक गोष्ट आपल्या नावानं आपल्या जागी जाईल. मी मान हलवली आणि नमुना गेला. ओतणारा प्रोग्राम भाईंनी लिहिलेला आहे आणि त्याला शीर्षकं वाचताच येत नाहीत, तो नुसता पहिलं पहिल्यात, दुसरं दुसऱ्यात टाकत जातो, ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती. भाईंना वाटलं, टेबल मी त्यांच्या नमुन्याप्रमाणे केलं असेल. मला वाटलं, प्रोग्राम माझ्या शास्त्राप्रमाणे चालत असेल. एकाच खोलीत बसून, एकाच डब्यातलं जेवून, आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

माहिती ओतायच्या दिवशी ताईंचा फोन आला.

"सर, एका ओळीला अडतंय. रिकामं चालणार नाही, असं म्हणतंय."

"कोणाची ओळ?"

"माझ्या पोरीची. वडिलांचं रिकामं ठेवलं मी."

त्या वेळी माझ्यासमोर दुसऱ्याच एका शाळेचं काम होतं. मी म्हणालो, "तो रकाना सक्तीचा आहे, ताई. काहीही टाका. रेघ टाका एक. रिकामं नको, बस."

"कायबी चालंल?"

"काहीही चालेल."

त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. थोड्या वेळानं माहिती बिनबोभाट आत गेली. कॉलेजनं लगोलग ओळखपत्रं छापून घेतली.

कार्डं वाटायला सुरुवात झाली आणि तासाभरात प्राचार्यांचा फोन भाईंना आला. भाई फक्त "जी, जी" म्हणत होते, आणि प्रत्येक "जी"ला खुर्चीत थोडे खाली जात होते. आम्ही भाईंच्या स्कूटरवर बसून निघालो. दौलताबादचा किल्ला मागे पडला. मग भाई म्हणाले, "शास्त्र क्या बोलता है इस बारे में?" ते बोलणं मला लागलं.

कॉलेजच्या व्हरांड्यात पोरं कार्डं हातात घेऊन खिदळत होती. 'आईचे नाव' असं छापलेलं, आणि पुढे चांगलं दणकट पुरुषाचं नाव. 'वडिलांचे नाव', आणि पुढे कुणाची तरी आई. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "माझ्या आईला मिशा हायेत, बघ." मला पाहून एका पोरीनं तोंडावर ओढणी धरली. झालेला घोळ मला तिथेच, पायऱ्या चढताना, अगदी स्वच्छ कळला. दुसरं दुसऱ्यात, तिसरं तिसऱ्यात. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांचे आईवडील सरसकट उलटे झाले होते.

ताई आपल्या टेबलाशी बसून परत आलेल्या कार्डांना रबर लावत होत्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "सगळी नाय चुकली, सर. एक बरोबर हाय."

त्यांनी ड्रॉवरमधून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यांच्या मुलीचं. मुलीचं नाव, खाली 'आईचे नाव', आणि त्यापुढे ताईंचं नाव. त्यांना हवं होतं अगदी तसं, तिच्या नावाला लागून.

मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती काळजी. आमच्या धंद्यात सगळंच्या सगळं चुकलं तर माणूस निवांत असतो, कारण चूक एकच असते आणि ती सापडते. सगळं चुकून एकच बरोबर आलं, तर चूक आपल्याला समजलेलीच नाही असा त्याचा अर्थ. इतकी पोरं उलटी झाली आणि ही एकच सरळ कशी राहिली? ताईंनी ही ओळ वेगळी, हातानं भरली का? त्या नाही म्हणाल्या, सगळ्यांबरोबरच गेली. मी लॅपटॉप उघडला आणि टेबलात तिची ओळ शोधली.

आईचं नाव: ताईंचं नाव. वडिलांचं नाव: ताईंचं नाव.

कार्ड मी नीट वाचलंच नव्हतं. आईच्या ओळीखाली वडिलांची ओळ होती आणि तिथेही तेच छापलेलं होतं. मी पडद्याकडे बघत राहिलो. मी रागावलो असं वाटून ताई घाईनं म्हणाल्या, "तुम्हीच म्हणले ना, कायबी टाका. आधी रेघच टाकली व्हती. मंग वाटलं, पोरीच्या बापाच्या जागी रेघ काय म्हणून? शाळंत सोडाया मी. पालकसभंला मी. ताप आला तर दवाखान्यात मी. रेघ कुठं व्हती? मंग लिवलं." त्यांनी कार्ड परत घेण्यासाठी हात पुढे केला. "चुकलं असंल तर बदलते."

"चुकलं नाही," मी म्हणालो. उलट्या झालेल्या नावांची मला लाज वाटली नव्हती, धंद्यात ते होतंच. रेघ टाका, असं मी दुसऱ्याच कामाकडे बघत सांगितलं होतं, त्याची वाटली. भाईंनी कार्ड उचललं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरून वाचलं, खिशातल्या रुमालानं पुसलं आणि दोन्ही हातांनी ताईंना परत दिलं. मग ते प्राचार्यांच्या खोलीकडे माफी मागायला गेले. मला बरोबर या म्हणाले नाहीत.

वडिलांच्या रकान्यावरची सक्ती मी तिथेच बसून काढून टाकली आणि ताईंना सांगितलं की आता तो रिकामा ठेवता येतो. त्यांनी विचार केला. म्हणाल्या, "आता राहू द्या, सर. भरलाय ना एकदा."

उलटं झालेलं सरळ करायला एकच आज्ञा लागते. पहिल्या वर्षाच्या सगळ्या ओळींत आई आणि वडील यांची अदलाबदल कर, एवढंच. तिची ओळ त्यातून वगळायला हवी का, असा विचार क्षणभर मनात आला, आणि मग लक्षात आलं की गरजच नाही. रकान्यांच्या क्रमाला अर्थ नसतो, हे माझं म्हणणं त्या सबंध टेबलात एकाच ओळीपुरतं खरं होतं, आणि ती ओळ क्रमासाठी माझ्याशी भांडलेल्या बाईंनी भरली होती.

मी बटण दाबलं. सगळ्या ओळी बदलल्या, असं यंत्रानं कळवलं. पोरांच्या आया आईच्या जागी आल्या, बाप बापाच्या. मी ताईंच्या मुलीची ओळ पुन्हा एकदा उघडून बघितली. तीही बदललेल्यांत मोजली गेली होती. तिथे होतं तेच होतं: मुलगी, आई, आई, आडनाव.